पट्टे कुठून सुरू झाले?

"खारे, येतेस का आम्ही जाऊ?" भोंग्याने बागेच्या फाटकातूनच आरोळी ठोकली. त्याला भोंगा उगाच म्हणत नसत.

सुट्टीचा पहिला दिवस होता. तळ्याभोवती सायकलवर अकरा फेऱ्या मारायच्या आणि भोंग्याच्या धाकट्या बहिणीने, चष्मिसने, घड्याळ लावायचं असा बेत ठरला होता. पण खारीचे बाबा त्या बागेचे माळी होते. "एवढ्या दहा कुंड्या बांधापासून पुढे सरकव, मग खुशाल जा," असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

सातवी कुंडी हलली, तसा तिच्याखालून एक काळपट, पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला आणि सर्रकन दगडी बांधाच्या फटीत शिरला.

"बाबा, साप!"

बाबा खुरपं ठेवून शांतपणे आले. "मागे हो. आता नीट आठवून सांग. पट्टे कुठून सुरू झाले? मानेपासून, की बरेच मागून?"

"त्याने काय फरक पडतो?"

"सगळा फरक त्यानेच पडतो. मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत गेले, तर तो कवड्या. बिनविषारी. मानेशी काही नाही आणि शेपटीकडे ठळक, तर मण्यार. तिच्या वाटेला जायचं नाही."

"खाऽऽरे!" फाटकातून पुन्हा भोंगा वाजला.

"मानेपासून," ती म्हणाली आणि पळत सुटली.

"मग कवड्याच. राहू दे बिचाऱ्याला," बाबा मागून म्हणाले, आणि उरलेल्या तीन कुंड्या त्यांनीच सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कुंड्यांपाशी बाबा कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी आईला हळू आवाजात सांगितलं, "हृदय बंद पडलं."

तीन आठवडे खार घराबाहेर पडली नाही. भोंगा रोज यायचा आणि न ओरडता पायरीवर बसून राहायचा. एके दिवशी दुपारी मात्र दोघं भावंडं धापा टाकतच आली.

"मुकादमकाका बांधाच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवणार आहेत!" चष्मिस म्हणाली. "ते सगळ्यांना सांगताहेत, तुझ्या बाबांना मण्यार चावली. तिच्या चाव्याची खूणही दिसत नाही म्हणे!"

खारीने सापाची मान पाहिलीच नव्हती. ती मण्यार असेल, तर बाबांनी लेकीच्या एका शब्दावर विसंबून त्या कुंड्यांत हात घातला होता. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

ती उठली. चपला पायात सरकवताना एवढंच म्हणाली, "मला तो साप बघायचाय."

बागेच्या फलकावर सर्पमित्राचा नंबर रंगवलेला होता. मोठ्यांपैकी कुणी तो कधी वाचला नव्हता. चष्मिसला पाठ होता. फोनवर सगळी हकिगत ऐकून एक बाई म्हणाल्या, "तासाभरात पोचते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

बांधापाशी सिमेंटची घमेली भरून तयार होती. बागेचे साहेबही आले होते.

"पोरांनो, चला निघा! इथं मण्यार आहे!" मुकादम खेकसले.

"तुम्ही पाहिलीत?" भोंग्याने विचारलं.

"म्हणजे काय! या डोळ्यांनी पाहिली!"

"बापरे! मग पट्टे कसे होते हो, काका? उभे की आडवे?"

मुकादमांनी ठासून सांगितलं, "उभे! डोक्यापासून शेपटीपर्यंत. चांगले पिवळेधमक!"

"साहेब, मण्यारीचे पट्टे आडवे असतात, पांढरे," चष्मिस चष्मा सावरत म्हणाली. "काकांनी पाहिली ती बहुतेक पाण्याची नळी!"

कामगार खो खो हसले. साहेबांनाही हसू आवरेना. खार तेवढी हसली नाही. न पाहता, ठासून सांगणारं ते तोंड तिला फार ओळखीचं वाटलं.

"घमेली बाजूला ठेवा," साहेब म्हणाले. "त्या बाई येईपर्यंत थांबू."

ऊन कलताना सर्पमित्र बाई आल्या. खारीची आईही तिला शोधत येऊन पोचली आणि लेकीमागे उभी राहिली. बाईंनी सगळ्यांना लांब उभं केलं, लोखंडी आकडीने एकेक दगड हळूच सरकवला. चौथ्या दगडाखाली तो होता! आकडीवर तोलून त्यांनी त्याला मोकळ्या जागेत धरलं.

"कुणी हाक मारली होती मला? मग तिथूनच नीट बघा आणि सांगा."

चष्मिसने खारीला कोपराने ढोसलं.

खारीने पाहिलं. या वेळी तिला कुठेही जायची घाई नव्हती. डोक्यामागे लगेच पहिला फिका पट्टा. मग दुसरा, तिसरा. पुढे पुढे पट्टे विरत गेले आणि शेपटी साधी तपकिरी उरली.

"मानेपासून," ती म्हणाली. "कवड्या आहे."

"शाब्बास! अगदी बरोबर." बाई साहेबांकडे वळल्या. "हा चावून माणूस दगावत नाही. डॉक्टर म्हणाले तेच खरं. बांध बुजवू नका, हा इथल्या पाली खाऊन राहतो."

मुकादम मान खाली घालून स्वतःच घमेली उचलू लागले. साहेबांनी खारीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबांची नजर घेतलीस, पोरी. त्यांना तू त्या दिवशीही अचूक सांगितलं होतंस. ते मला कौतुकाने सांगत होते. म्हणाले, माझ्या लेकीने पाहिलंय, म्हणजे कवड्याच."

खारीचा चेहरा एकदम बदलला. तिने मागे हात नेला. आईने तो घट्ट धरला. आकडीवरून उतरलेला साप बांधाच्या फटीत दिसेनासा होत होता. ती त्या फटीकडे, शेजारच्या दहा कुंड्यांकडे बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, मी पाहिलं नव्हतं. मला खेळायला जायचं होतं, म्हणून काहीतरी सांगितलं. आज पाहिलं, बाबा. मानेपासूनच आहेत."