दुजोऱ्याचा तास

सुलभा धोत्रे यांनी लस केंद्राच्या प्रयोगशाळेत येऊन आपला फोन ऋजुता केळुसकरच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"वाच, तूच वाच. 'शीतकपाट सहा तास बंद होतं. एक्केचाळिसावी खेप पाठवू नका, माझी हरकत आहे.' खाली पोचल्याच्या दोन खुणा. आणि चौकशी समिती म्हणते, बाईंनी कळवलंच नाही!"

त्या खेपेतली गोवराची लस निकामी निघाली होती. चौदा मुलांना गोवर झाला, त्यातलं एक गेलं. बावीस वर्षं शीतगृह सांभाळणाऱ्या सुलभाताईंवर आता ठपका येत होता.

ऋजुताने आपल्या फोनवर कार्यालयाचा गट उघडला, ती तारीख काढली. तिथे सुलभाताईंचं नावही नव्हतं.

"ताई, हे कुणालाच दिसलं नाही. माझ्या गाळणीने काढून टाकलं."

"तुझ्या?" सुलभाताई तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं, ती तर शिव्या आणि चावट विनोद काढायला होती ना?"

ऋजुताने डॉ. हेबाळकरांना फोन लावला. हे मानसशास्त्रज्ञ तिचे बाहेरचे सल्लागार. शिष्टगाळणी दोघांनी मिळून रचली होती.

"सर, शब्दांची यादी आपण मुद्दाम केली नाही. लोक शिवीचं एखादं अक्षर बदलून निसटतात. म्हणून वाचणाऱ्यांच्या मनगटावरची नाडीपट्टी प्रमाण धरली. पहिल्या काही जणांची नाडी दचकली, की निरोप अयोग्य. मग तो, त्याला जोडलेली उत्तरं आणि पुढे येणारे तसलेच निरोप, सगळं काढायचं."

"आणि पाठवणाऱ्याला मात्र पोचल्याचंच दाखवायचं, नाहीतर तो पळवाट शोधतो. मग चुकलं कुठे?"

"वाईट बातमी वाचूनही नाडी दचकते, सर. आधीच्या तसल्या बातम्यांवरून गाळणीने ताईंचा निरोप कुणी वाचण्याआधीच काढला."



"मूळ मजकूर सर्व्हरवर असेल ना?"

"घाण साठवायची नाही, ही तुमचीच अट."

"मग फोनवरचं चित्र समिती मानणार नाही. असलं चित्र कुणीही बनवतं. गटावर हरकत घे, तेवढंच तुझ्या हातात आहे."

केंद्राचा तो जुना रिवाज होता. संचालकांनी निर्णय गटावर टाकायचा. तासाभरात एकाने लेखी हरकत घेतली आणि दुसऱ्याने लेखी दुजोरा दिला, तर निर्णय थांबे. नाहीतर तो पक्का. तोंडी बोललेलं धरत नसत. गाळणी बंद करायलाही संचालकांचा असाच निर्णय आणि तासाची मुदत लागली असती, आणि तेवढा वेळ आज नव्हता. अकराच्या ठोक्याला गटावर आलं: श्रीमती धोत्रे यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे.

ज्यांचे निरोप गाळणी काढत नसे, त्या सूटयादीत ऋजुताने संचालकांच्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं. तो अधिकार फक्त तिला होता. मग तिने लिहिलं: 'माझी हरकत. धोत्रेबाईंनी वेळेवर कळवलं होतं. तो निरोप माझ्या यंत्रणेने काढला. मुलांच्या आजारपणाचा दोष माझ्याकडे येतो.'

पाच मिनिटांत एकशे नव्वद जणांनी ते वाचलं.

साडेअकरा. पावणेबारा. कुणाचंही उत्तर नाही. या लोकांच्या पोरींच्या लग्नात सुलभाताईंनी रात्रंदिवस राबून पंगती वाढल्या होत्या. एकालाही 'दुजोरा' एवढं लिहिता येऊ नये? बाराला ऋजुताच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं.

सुलभाताई डबा पिशवीत भरून उभ्या होत्या.

"तुझं दिसलं गं मला. बाकीच्यांचं जाऊ दे." त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "भोईट्यांनी तरी लिहायला हवं होतं. त्यांची बायको दवाखान्यात होती, तेव्हा दोन महिने मी डबा दिला."

दार लागलं. ऋजुता सूटयादीतून आपलं नाव काढायला बसली. पडद्याच्या कोपऱ्यात गाळणीचा तासाचा आकडा होता. मजकूर नाही, नावं नाहीत, फक्त आकडा: अकरा ते बारा, काढलेले निरोप १८८.

गटात एकशे एक्क्याण्णव माणसं होती. त्यातून संचालक, सुलभाताई आणि ती स्वतः वजा करायला तिला कागद लागला नाही.

तिचा निरोप वाचून सगळ्यांची नाडी दचकली होती. सूट असल्यामुळे गाळणीने तो काढला नाही, पण अयोग्य मात्र ठरवला, आणि त्याला जोडलेलं प्रत्येक उत्तर उचलून नेलं. लिहिणाऱ्याला आपलं पोचलेलं दिसलं, दुसऱ्या कुणाचंच दिसलं नाही.

ती धावत खाली आली. फाटकाबाहेरची बस निघून गेली होती. जेवणघरात माणसं एकेका टेबलाला एकेकटी बसली होती. पॅकिंगचे भोईटे ताट घेऊन तिच्या अंगावरूनच गेले.

"मॅडम, मी दुजोरा दिला होता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढ्या माणसांत मी एकटा. बाकी सगळे शेपूट घालून बसले."

आजूबाजूची माणसं ताटावरून मान वर करून भोईट्यांकडे बघू लागली. प्रत्येकाच्या नजरेत तोच तिरस्कार होता.