चोरमोहल्ल्याचा खांब

सकाळी सात वाजता शिपाई वच्छलाबाईंनी शाळेच्या हस्तकलेच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि दारातूनच ओरडल्या, "गुरुजी, खांब नाई!"

कुलूप शाबूत होतं. खिडकीचे गज शाबूत होते. पाच फुटी सागवानी खांब तेवढा नाहीसा झाला होता. आठवीच्या मुलांनी चार महिने खपून त्यावर मोहफुलं, मासे आणि सांबरं कोरली होती. दुपारी चारला त्याचं उद्‌घाटन होतं आणि जिल्ह्याहून पाहुणे निघालेसुद्धा होते.

खोलीच्या किल्ल्या दोन. एक हेडमास्तरांकडे, दुसरी शफी सुताराकडे. शफी मुलांना फुकट कोरीवकाम शिकवायचा आणि राहायचा अहेरीच्या सुतार मोहल्ल्यात. गावाच्या तोंडी त्याचं नाव चोरमोहल्ला. जंगलात कुठेही चोरीचा साग पडला की पहिली धाड तिथेच. सापडायचं काही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

झालं! अहेरीला तपासाची गरजच उरली नाही. दहाच्या सुमारास शफीच्या कारखान्यामागे, भुशाच्या ढिगात, खांब सापडलाही. मोहल्ल्याच्या तोंडाशी शंभरेक माणसं जमली. सगळ्यांत पुढे सुरेंद्रशेठ, लाकडाचे ठेकेदार आणि शाळा समितीचे अध्यक्षही. खांबाचा ओंडका त्यांनीच शाळेला दान दिला होता.

"आपली पोरं चोराच्या हाती देल्ली आपण," ते म्हणाले. "आता घराघराची झडती घ्या. कारखान्याले सील ठोका."

वनखात्याच्या रेंजरसाहेबांनी सीलचा कागद तयारच ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

"एक तास द्या साहेब," हवालदार कोलू मडावी म्हणाले. तीस वर्षांची नोकरी झालेला हा माणूस सहसा काही मागत नसे, म्हणून रेंजरनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

कोलूंनी खांब उभा करवला. खालची चौकोनी लाकडी बैठक जशीच्या तशी होती. कोरलेल्या सांबरांना ओरखडाही नव्हता. फक्त वरचं वीतभर टोक कापून नेलं होतं, तेही तिरकं.

शफी ओट्यावर बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर.

"किल्ली कुठी होती, शफीभाई?"

"माह्या कमरेले. रातभर."

"टोक कोणं कापलं?"

"मले काय मालूम, साहेब? म्या कापलं असतं तं असं वाकडं कापलं असतं का?"

"त्या टोकावर काय कोरलं होतं?"

"काईच नाई. तिथी फकस्त ठसा होता."

सरकारी डेपोतून लाकूड सुटताना ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर वनखात्याचा हातोडा पडतो आणि लॉटचा नंबर उमटतो. गावातले बाकीचे सुतार ही चिरफाळलेली तोंडं पहिल्याच दिवशी कापून टाकतात. सुतार मोहल्ल्यात मात्र माल हातातून जाईपर्यंत ठशाला कोणी करवत लावत नाही. धाड आली तर दाखवायला दुसरं असतं काय गरिबाकडे?

"पोरायलेबी तेच शिकवलं," शफी म्हणाला. "लाकूड कमी पडलं तं पडो, ठसा जाऊ द्यायचा नाई."

आतून त्याची बायको खुर्शीदा बाहेर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"हवालदारभाऊ, आमची शगुफ्ता शाळेतून परत आली. खांबावरचे मासे तिनंच कोरले. तिच्या बाकावर कोणी बसून नाई राह्यलं. म्हणते, आता मी शाळेत जात नाई. सील लागलं तं आमी उपाशीबी राहू, पण पोरीनं तोंड कुठी लपवावं?"

कोलू तडक गर्दीतल्या हेडमास्तरांकडे वळले.

"गुरुजी, तुमची किल्ली?"

"माझ्याकडेच आहे."

"काल रातीबी होती?"

हेडमास्तर घुटमळले. "काल संध्याकाळी सुरेंद्रशेठनी नेली होती. पॉलिश पाहायचं म्हणाले. आज सकाळी सहाला परत पाठवली."

"मंग सकाळपासून बोलले काऊन नाई?"

"ते अध्यक्ष आहेत हो. त्यांच्यावर कोण शंका घेणार?"

कोलू गर्दीसमोर येऊन उभे राहिले.

"चोर या मोहल्ल्यातला नाई," ते म्हणाले. "मोहल्ल्यातला असता तं अख्खा खांब चिरला असता, पण ठशाचं टोक कापलं नसतं. ठसा गेला की लाकूड चोरीचं ठरते, हे इथल्या लेकरालेबी समजते. ज्याले ठशाचीच भीती होती, त्यानं ते कापलं. शाळेतच कापलं असतं तं साऱ्यायनं इचारलं असतं, टोक कुठी गेलं? म्हणून खांब इथी आणून टाकला. चोरमोहल्ल्यात माल सापडला की पुढचं कोणी इचारत नाई."

सुरेंद्रशेठ हसले. "माह्यावर रोख हाये का हवालदार? मी माहंच दान चोरीन काऊन?"

"तुमाले वाटलं, कोणताबी सुतार ठसा पहिल्या दिवशीच कापून टाकीन. काल पॉलिश पाहाले गेले तं तो वर तसाच दिसला. आज पाहुण्यायसंग वनखात्याचे साहेबबी येणार होते."

"पुरावा काय?"

"शफीभाई, खालचं टोक कापलं होतं का?"

"नाई साहेब. ठशावरूनच बैठक बसवली."

"काढ ती."

शफीने पेचकस घेतला. पहिला स्क्रू दोनदा निसटला. चौथा निघाला तशी गर्दी पुढे सरकली. फळी बाजूला झाली. खाली हातोड्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

रेंजरनी वाकून नंबर वाचला. मग पुन्हा वाचला.

"सुरेंद्रशेठ, हा लॉट तर दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या पुरात वाहून गेला ना? तसं लेखी देऊन भरपाईही घेतलीत तुम्ही."

सुरेंद्रशेठनी ओठांवरून जीभ फिरवली. कोलूंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना गाडीकडे नेलं.

रेंजरनी कागद फाडला. हेडमास्तर शफीजवळ सरकले.

"पाहुणे यायला वेळ आहे. वरून एखादा तुकडा बसवून देता का? वाईट दिसेल."

"नाई गुरुजी," शफी म्हणाला. "दिसू द्या."

त्याने शगुफ्ताला हाक मारली. ती डोळे पुसत बाहेर आली, मागून बाकीची पोरंही धावली. खांब सगळ्यांच्या खांद्यांवर चढला. शाळेला मागची गल्ली जवळची होती. शफीने बाजारपेठेचा लांबचा रस्ता धरला. लोकांनी दुकानांच्या पायऱ्यांवर सरकून त्यांना वाट दिली. माफी मात्र कोणी मागितली नाही.