त्याने मत दिलं नाही

"ओ ताई, थांबा! माझा कॅन घेऊन चाललात तुम्ही!"

मी वळले. हॉस्पिटलच्या तपासणी-खिडकीकडे एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस धावत येत होता. हातात पांढरा प्लास्टिकचा कॅन, अगदी माझ्या हातातल्यासारखाच. चोवीस तासांची लघवी साठवायचा कॅन हो... बाकावर दोन्ही शेजारी ठेवलेले, आणि घाईत मी त्याचाच उचलला होता! कानापर्यंत लाल झाले मी.

"चोवीस तासांची मेहनत आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "अशी कुणी पळवली तर कसं व्हायचं?"

"सॉरी. आणि... ताई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू."

"बरं. चला काहीच-नाही, तुमचा नंबर आला."

हसू फुटलं मला. कितीतरी दिवसांनी!

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने बहिणीला किडनी दिली होती, आता दरवर्षीच्या तपासणीला आला होता. आणि मी? मी पोहायला शिकवते. माझ्या दादाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. माझी किडनी त्याला जुळत होती, आणि मी अजून विचार करत होते.

तो विचार घरी कुणाला ठाऊकच नव्हता. ठरलंच आहे असं धरून सगळ्यांनी माझे लाड मांडले होते. साय माझ्याच वाटीत. मी शिंकले की आई धावत यायची. वहिनी तर माझ्या हातून बादलीसुद्धा काढून घ्यायची. दादा मात्र नजर चुकवायचा. संध्याकाळी मी देवापुढे हात जोडून बसायचे, पण डोळे मिटले की दिसायचे ऑपरेशनचे पांढरे दिवे. काय करू? देऊ? मला काही झालं तर? आणि नाही दिली तर... या कुशीवरून त्या कुशीवर, नुसती तगमग.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट घ्यायला गेले, तर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तोच!

"फार दुखतं का?" मी विचारलं.

"हसलं की दुखायचं. बहीण शेजारच्याच खोलीत. मुद्दाम विनोद पाठवायची, कृतघ्न कुठली!"

"आणि व्रण?"

"दाखवला असता... पण आपली ओळख अजून एका कॅनची."

चार दिवसांनी तो टॉवेल घेऊन माझ्या तलावावर हजर. "वर-खाली जन्मभर केलं," म्हणाला. "जरा आडवं जायला शिकवा."

त्याच्या पोटावर तीन बारीक रेघा होत्या, खाली एक आडवी. मी पाहिल्या, मी पाहिल्याचं त्याने पाहिलं. दोघंही उगाच पाण्याकडे बघत राहिलो. मग रोज सकाळी तो पाय मारायचा, पाणी गिळायचा, माझी बोटं घट्ट धरायचा. धरायची गरज नसतानाही ती सुटायची नाहीत... कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंही नाही.

मग दात्याची बाजू बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं. "नको असेल तर फक्त मला सांग," त्या म्हणाल्या. "घरच्यांना आम्ही एवढंच सांगू, 'जमत नाही.' कारण कधीच सांगणार नाही. शुक्रवारपर्यंत विचार कर."

सुटायला वाट मिळाली, आणि माझी उरलीसुरली झोपही गेली.

गुरुवारी त्याला पहिल्यांदाच खोल पाण्याच्या बाजूला नेलं. तो कठड्याला लटकलेला.

"तू सांग ना, काय करू?"

"नाही सांगणार."

"तू स्वतः दिलीयस! देवाला विचारलं, तो गप्प. तुला विचारतेय, तर तूही?"

"पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्याने कठडा आणखी घट्ट धरला. "आता माझं मत स्वच्छ राहिलेलं नाही. तू नुसती खोकलीस तरी मला चैन पडत नाही. 'दे' म्हणालो आणि तुला काही झालं तर? 'नको' म्हणालो, तर ते तुझ्या दादाच्या जिवावर, माझ्यासाठी..."

पाणी फरशीवर चुबुक-चुबुक आपटत राहिलं.

"हे... प्रेमाचं सांगणं होतं का?"

"वाटतं तसं. जागा चुकली. माझे पाय टेकत नाहीयेत इथे."

त्या दुपारी मी दादाजवळ जाऊन बसले. "दादा, मला भीती वाटते रे."

त्याने कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग नको देऊस, वेडे. रोज हेच बोलायला उठतो मी... आणि जगायची हाव सुटत नाही, म्हणून गप्प बसतो." त्याचे डोळे भरून आले. "आज बोललो. बास. तू मोकळी."

मोकळी! ज्या दोघांना माझं 'हो' किंवा 'नाही' सगळ्यात जास्त लागणार होतं, त्या दोघांनीही ते मागितलं नाही. त्या रात्री देवापुढे बसले, आणि प्रथमच काही विचारलं नाही.

शुक्रवारी सही करून बाहेर आले, तर तो जिन्याशी उभा.

"विचारणार नाहीस?"

"नाही."

"देतेय."

तो मटकन पायरीवर बसला. चेहरा पांढराफटक. मी शेजारी बसले, खांद्याला खांदा लागला.

"घाबरलास?"

"खूप."

"मीपण." मी त्याचा हात हातात घेतला. "चल, मग दोघं मिळून घाबरू."