सेन्सर कुठं बसवायचा

मुलांनो, माझ्यासोबत जरा बडनेऱ्याला चला. मनातल्या मनातच या, ऊन फार आहे. एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा. रस्त्याच्या कडेला शाळेची एक पांढरी व्हॅन उभी आहे आणि तिच्या मागून काळा धूर निघतो आहे. दिसली? स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली आहे ती शकुन. शेजारी तिच्या वारलेल्या बहिणीची आठ वर्षांची मुलगी, प्रतीक्षा.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. गावंच्या गावं सुरतेकडे, पुण्याकडे निघाली होती. शकुनच्या व्हॅनमध्ये पूर्वी अठरा मुलं असायची, आता अकरा उरली होती. त्या सगळ्यांना घरी सोडून ती आली होती, आणि इतकी थकली होती की समोरच गॅरेज आहे हेही तिला प्रतीक्षानं दाखवावं लागलं.

गॅरेजवाला कुंदन आला. त्यानं पुढची सीट उचलली, खालच्या इंजिनकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. इंजिनला लागून टेपनं लटकवलेला एक बोटभर काळा तुकडा होता. त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"हे काय होय, मॅडम?"

प्रतीक्षा म्हणाली, "मावशीनं बांधलं. त्याची क्लिप तुटली तं मागच्या मेकॅनिकनं तिथं लटकवलं. हवेचं तापमान मोजते म्हने. मंग त्याले ऊन लागू नये म्हनून..."

"आन् हा कांदा?"

"थो मी ठेवला. कांद्यानं ऊन लागत नाही म्हने."

कुंदनला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण ते त्याला नीट जमलं नाही.

"हसा," शकुन म्हणाली. "फुकट हाय."

तो हसायचा थांबला. मग प्रतीक्षाकडे वळून त्यानं हळूहळू समजावलं. इंजिन हवा ओढतं. गरम हवा विरळ असते, तिला पेट्रोल कमी लागतं. गार हवा दाट, तिला जास्त. किती द्यायचं ते हा तुकडा, म्हणजे सेन्सर, सांगतो. पण तो इंजिनजवळ लटकला होता, म्हणून त्याला इंजिनचीच धग लागत होती. पेट्रोल कमी मिळायचं, गाडी दम टाकायची.

"आन् फडकं बांधल्यावर?" शकुननं विचारलं. आता ती पण वाकून पाहत होती.

"मंग त्याले वाटलं, आपन चिखलदऱ्यात हाओत. थंडीच थंडी. लागला भसाभस पेट्रोल मागाले."

या वेळी ती हसली. कुंदननं घाईनं पान्याकडे पाहिलं.

अर्धा तास इंजिन निवू दिलं. मग फिल्टरमधून हवा घेऊन येणाऱ्या रबरी पाइपावर त्यानं प्रतीक्षाला हाताची मागची बाजू ठेवायला सांगितलं. इंजिनच्या टोकापासून ती हात सरकवत गेली. गरम... कोमट... आणि मग, "हितं. हितं काईच नाही लागत."

"तं मंग हितंच."

त्यानं पाइप सोडवून बाहेर काढला, म्हणजे भोक पाडताना कचरा आत इंजिनकडे जाणार नाही. भोकात रबराची कडी घातली, सेन्सर असा दाबून बसवला की त्याचं टोक वाहत्या हवेच्या मधोमध येईल. वायरी सायलेन्सरपासून दूर बांधल्या. शकुन टॉर्च धरून होती. एकदा उजेड भलतीकडेच गेला. टॉर्च जड असेल, असं दोघंही धरून चालले.

"सकाळी या," तो म्हणाला. "रातभर इंजिन गार राहते, तवा सेन्सरनं बाहेरच्या हवेइतकंच तापमान सांगतलं पाह्यजे. तीन सकाळी पाहा लागन."

"तीन कावून?"

"एकानं... खात्री होत नाही."

शकुन आणि प्रतीक्षा जवळच राहायच्या. सकाळी सहालाच, गाडी फारशी तापायच्या आत, येऊन पोहोचायच्या. कुंदन मीटर लावायचा, आलेला आकडा म्हणजे किती तापमान ते भिंतीवरच्या कोष्टकात शोधायचा, शेजारच्या थर्मामीटरकडे पाहायचा. चहा यायचा. दुसऱ्या सकाळी प्रतीक्षानं विचारलं, "सगळे मेकॅनिक मावशीले ताई म्हनतात. तुमी कावून नाही म्हनत?"

कुंदनला ठसका लागला. शकुन बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिली.

तिसऱ्या सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. घाईत प्रतीक्षाच्या वेण्याही घालायच्या राहिल्या होत्या.

"काई झालं काय?" कुंदननं विचारलं.

"काल मले पाहाले आले होते. तिसरं स्थळ."

मीटर धरलेला त्याचा हात थांबला. "मंग?"

"मी पसंत हाय. पोरगी कोनापाशी ठेवसान, म्हने." तिनं आवाज खाली आणला, पण प्रतीक्षा मागंच उभी होती. "तिघंही हेच विचारून गेले. मी नाही म्हनतो आन् घरचे पुढचं स्थळ आनतात. आता थकली मी, कुंदन."

तिनं प्रथमच त्याचं नाव घेतलं होतं. तो मीटरची वायर गुंडाळत राहिला.

"खरं सांगू? आकडा पयल्या सकाळीच जुळला होता."

"माईत हाय."

"कसं?"

"कोष्टक मलेही वाचता येते."

"मंग आल्या कावून?"

"रस्त्यातच तं हाय तुमचं दुकान."

रस्त्यात नव्हतं ते. शाळा अगदी उलट दिशेला होती.

मग कुंदन म्हणाला, "चौथा मी आलो तं?"

"तं तुमी काय विचारसान?"

"तुमाले काईच नाही. हिले विचारतो."

तो प्रतीक्षासमोर उकिडवा बसला. "तू, मावशी आन् मी... एका घरात राह्यलो तं चालन काय तुले? नाही म्हनलं तरी मी रागावनार नाही."

शकुननं मान फिरवली. तिला ते उत्तर ऐकायचं होतं, आणि ऐकायची भीतीही वाटत होती.

प्रतीक्षानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या हातांकडे.

"आदी हात धुवा," ती म्हणाली.

त्यानं धुतले. आधी रॉकेलनं, मग साबणानं दोनदा, आणि शर्टाच्या पाठीला पुसले. तेव्हा तिनं फ्रॉकच्या खिशातून कंगवा आणि दोन लाल रिबिनी काढून त्याच्या ओलसर तळव्यावर ठेवल्या, आणि त्याच्याकडे पाठ करून जुन्या टायरवर ताठ बसली.