वरच्या तीन रांगा

मे महिन्यात आमच्या स्पेनमधल्या कोर्दोबात घरोघरचे चौक फुलं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना उघडे असतात. आमचाही असतो. माझी बायको अंगुस्तियास फेब्रुवारीत गेली. जाण्याआधी दवाखान्यात म्हणाली, "चौक बंद ठेवू नका." म्हणून उघडला.

चौकाच्या भिंतींवर तिच्या दोनशे कुंड्या आहेत. सगळी जिरेनियम. लांब वेळूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधून पाणी घालावं लागतं. माझा खांदा वर जात नाही, म्हणून वरच्या तीन रांगा मी सोडून दिल्या होत्या. त्या सुकल्या नाहीत. सकाळी त्यांच्याखालची भिंत ओली असायची.

शेजारची आरासेली दारात खुर्ची टाकून बसायची आणि दहा-दहा जणांना आत सोडायची.

"फुल्हेन्सिओ, जरा हसा की! लोक फुलं बघायला आलेत, तुमचं तोंड नाही."

"वर पाणी तू घालतेस ना?"

"मी? या गुडघ्यांनी? मला शिडीवर चढवून मारायचंय का?"

शनिवारी दुपारी एक पाहुणी बाहेर पडत होती. तिच्या हातात ओल्या कागदात गुंडाळलेली जिरेनियमची फांदी होती.

"फांद्या तोडायच्या नसतात, बाई."

"तोडली नाही हो. जिन्यावरच्या बाईंनी दिली."

अंगुस्तियासनं चाळीस वर्षांत कुणाला फांदी दिली नव्हती. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. मी चौकातल्या जिन्याकडे गेलो. कुणी नव्हतं. तिसरी पायरी ओली होती.

रविवार शेवटचा दिवस. सकाळपासून मी जिन्यासमोर बसलो. जेवायलाही उठलो नाही. एकदा दिसावी, एवढंच मागत होतो. लोक जिन्यापाशी जायचे, हसायचे, हात पुढे करायचे. नेमकी तेव्हाच कुणाची तरी पाठ माझ्या आड यायची. वळायचे तेव्हा प्रत्येकाच्या हातात फांदी असायची.

शेवटी एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेतला.

"फार मायाळू आहेत तुमच्या घरच्या बाई. आम्ही नको नको म्हणत होतो."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, घेऊन जा. उद्यापासून या घरात पाणी घालायला कुणी नसणार."

आरासेलीनं ते ऐकलं. तिनं खुर्ची मिटली, पण घरी जाईना.

"आज आमच्याकडे झोपा."

"बघतो."

"बघतो नाही. चला आत्ताच."

मी नकारार्थी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

अजून उजेड होता. दोनशे कुंड्यांमध्ये नुसते खुंट उरले होते. डब्याचा वेळू जिन्याला टेकवून ठेवलेला होता. मी ठेवला नव्हता.

मी वर गेलो.

पलंगावर माझा काळा सूट पसरलेला होता. तिच्या दफनानंतर मी तो चुरगळून कपाटात कोंबला होता. आता त्याला कडक इस्त्री होती, एकही सुरकुती नव्हती. खिशात पांढरा रुमाल होता, ती घालायची तशी त्रिकोणी घडी घातलेला.

मी बाहीला हात लावला.

कापड अजून गरम होतं.