पंप ०४१३०४१३ ला थांबणार!

“अगं आई गं! पुन्हा थांबला!”

असं ओरडत धाकटी टिवटिव ताईला जाऊन बिलगली. जमिनीखालच्या त्या पंपघरात भर दुपारीही अंधारच असायचा. इतका वेळ चाललेली खट... खट... बंद पडली होती आणि पाइपांतून कुणीतरी लांब उसासा टाकावा तसा आवाज येत होता. सगळ्या शहराचं पाणी बंद!

आत्या धावत आली. तिने दातेरी चाकांवरच्या झाकणाच्या भोकातून लोखंडी दांडा घालून दोन्ही चाकं जराशी पुढे ढकलली आणि कळ ओढली. पंप सुरू झाला.

“साहेबांना वाटतं, मी झोपते म्हणून पंप बंद पडतो. उद्या चौकशी आहे. नोकरी गेली तर...” आत्या म्हणाली.

सुट्टीला आलेल्या दोघी भाच्या तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसल्या. आत्याच्या मुलाला मात्र राहवलं नाही. फुंकर मारली तर उडेल इतका काटकुळा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

“लोक म्हणतात, आधीचे पंपवाले आजोबा वारले ना, तेच येऊन थांबवतात!”

“गप रे! भुताला दुसरे उद्योग नाहीत?” ताई म्हणाली खरी, पण तिच्याही अंगावर काटा आला होता. पंप थांबला तेव्हा त्याची खट-खट मोजणाऱ्या काउंटरवर आकडा होता ०४१२०४१२. आणि काल? ०४११०४११! तिने स्वतः पाहिला होता.

“दोनदा तेच तेच! भूत तोतरं दिसतंय,” टिवटिव म्हणाली.

ताईने वजाबाकी केली. फरक दहा हजार एक! “थांबा, याला कशाने भाग जातो ते पाहू.”

दोनने नाही. तीनने नाही. सातने नाही. पैलवानाच्या वहीची पानंच्या पानं भरली, बोटं दुखायला लागली. शेवटी त्र्याहत्तरला टिवटिव किंचाळली, “बाकी शून्य!”

“त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस,” ताई पुटपुटली.

पैलवानाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने चाकांच्या झाकणाकडे बोट दाखवलं. त्यावरच्या पितळी पट्टीवर कोरलं होतं: लहान चाक, दात ७३. मोठं चाक, दात १३७.

झाकणाला साहेबांचं सील होतं. उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते घुश्श्यातच. ताई धीर करून पुढे झाली.

“साहेब, आत्याला दाराबाहेर उभं करा. कुणी हात लावायचा नाही. पंप ०४१३०४१३ ला आपोआप थांबेल.”

“हा काय पोरखेळ आहे?” साहेब गुरगुरले, पण उभे राहिले.

खट. ०४१३०४१०. खट. शेवटचे दोन आकडे अकरा. खट. बारा. साहेबांनी कपाळ पुसलं. खट. तेरा.

शांतता. मग तो लांब उसासा.

“कु... कुणी केलं हे?”

“झाकण उघडा ना साहेब!” तिघं एकदम ओरडली.

झाकण निघालं. दोन्ही चाकांचा एकेक दात तुटलेला, आणि दोन्ही फटी समोरासमोर!

“दर खटक्याला दोन्ही चाकं एकेक दात सरकतात,” ताई भराभरा सांगू लागली. “एकच फट आली तर शेजारचे दात निभावून नेतात. दोन्ही भेटल्या की पकड सुटते. आणि त्या भेटतात दर दहा हजार एक खटक्यांनीच! पण आकड्याला दहा हजार एकने पूर्ण भाग जातो, म्हणजे फटी पहिल्यांदा भेटल्या त्या काउंटर शून्यावर असतानाच; ते कसं, कळत नाही.”

साहेब खाली बघू लागले. “पंप सुरू केला त्याच क्षणी माझ्या हातून पाना चाकांमध्ये पडला आणि दोन दात तुटले होते. एवढ्या-तेवढ्याने काय होतंय म्हणून मीच झाकण सील केलं.”

त्यांनी आत्याला आत बोलावलं. तिच्यासमोर नोंदवहीत लिहिलं, ‘दोष माझा.’ खाली सही केली. “बाई, माफ करा. तुमच्या या पोरांनी माझं नाक कापलं, पण बरं केलं! शाबास रे पोरांनो!”

आत्या मटकन स्टुलावर बसली. तिने तिघांना जवळ ओढलं आणि ती रडायलाच लागली.

“बाळांनो, मी हल्ली घरीसुद्धा डोळा मिटायला भीत होते,” ती म्हणाली. “मलाच वाटायला लागलं होतं, की मी खरंच झोपते.”