खुंटीवरची शिट्टी

बिड्या विझवा रे आधी. तोतारामआबांची गोष्ट आहे ही. खोटी वाटली तर चाळीसगाव रस्त्याला त्यांचं घर आहे, सकाळी जाऊन बघून या.

सत्त्याऐंशी साल. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र. लाईट साडेबाराला येणार होती, म्हणून आबा केळीला पाणी भरायला निघाले. दारातच बेबाबाईने, त्यांच्या बायकोने, हातात घागर दिली.

"येतांना इहीरनं पानी लई या."

"कोनासाठे?" आबा खेकसले. "मना पोऱ्या जित्ता शे!"

म्हातारीने घागर मागे घेतली नाही. आखाजीला आपल्याकडे गेलेल्याच्या नावाने घागर भरतात. भरली म्हणजे माणूस गेला, हे कबूल केलं. आबांना तेच करायचं नव्हतं. तरी घागर घेतली बिचाऱ्यांनी.

सुकदेव एकुलता एक. जहाजावर खलाशी. परक्या बंदरात उतरण्याआधी त्यांना पढवायचे: जोडीने चाला, खिशात पैसे थोडे ठेवा, गळ्यात शिट्टी अडकवा. कोणी अडवलं तर मारामारी नको. तीन शिट्ट्या मारा, आपली माणसं धावत येतील. सुट्टीवर आल्यावर त्याने हे सांगितलं तर आबांना हसू आवरेना.

"पिपाणी वाजवून चोर पळतात का रे? घड कापायचा विळा ने आपला!"

"नको आबा. आपण पातं काढलं की समोरचाही काढतो."

पोरगं शहाणं, बाप हट्टी. निघायच्या दिवशी आबांनी गुपचूप त्याच्या पिशवीतून शिट्टी काढून घेतली आणि टॉवेलात गुंडाळून विळा ठेवला. बापाने दिला म्हणून पोरानेही तो कमरेला लावला.

तीन महिन्यांनी सोबत्याचं पत्र आलं. रात्री धक्क्यावर चौघांनी घेरलं. सुकदेवचा हात आधी गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं. मग विळा काढला... समोरच्यांनीही काढले. पोरगं समुद्रात पडलं ते सापडलंच नाही. पन्नास पावलांवर जहाजावरची माणसं उभी होती. त्यांना पत्ताच नाही.

त्या दिवसापासून ती शिट्टी आबांच्या गळ्यात. वाजवली मात्र कधी नाही.

तर त्या रात्री आबा शेतात पोचले. मोटर सुरू केली, पाणी दांडाला लागलं. चंद्रकोर कधीच बुडाली होती. एक वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. मोटर थांबली. सगळं चिडीचूप.

आणि शिट्टी वाजली.

एक...

दोन...

तीन.

विहिरीकडून. आलो, आलो म्हणत आबा धावले. चपला बांधावरच राहिल्या.

"उनू रे भाऊ, उनू! कोठे शे तू?"

विहिरीपाशी कोणी नाही. पुन्हा तीन. आता केळीतून. आबा तिकडे. कोणी नाही... पुन्हा तीन. दमलेल्या.

आबा मटकन खाली बसले. ओक्साबोक्शी रडले हो. "तुनी शिट्टी मी काढी लिधी रे. मीच..."

मग वाटलं, उत्तर तरी द्यावं. बाप आलाय, एवढं तरी पोराला कळावं. गळ्यातली शिट्टी ओठांना लावली. जीव खाऊन फुंकली.

आवाज नाही.

तोंडात पाणी आलं. गार.

...खारट.

आपल्या विहिरींचं पाणी तर गोड.

पहाटे आबांनी घागर भरली, खांद्यावर घेऊन घरी आले. बेबाबाईपुढे ठेवली.

"पूज," म्हणाले. "थकी गया तो."

शिट्टी खुंटीला टांगली. सारवलेल्या भुईवर थेंब थेंब गळत राहिली. दुपारी भुई वाळली तशी तिथे ताटाएवढी पांढरी खपली धरली. बेबाबाईने सारवलं. पुन्हा पांढरं. पुन्हा सारवलं. पुन्हा...

काय म्हणालास? जमीनच खारी असेल? असेल बाबा. बाकीच्या घरात कुठे नाही, एवढंच. दोघंही गेली आता. घागर पुतण्या भरतो, अभिमन. शिट्टी त्याच खुंटीला आहे, कोरडी ठणठणीत. पण परवा आखाजीला घागर ठेवायला तो खुंटीखाली उभा राहिला...

तळपाय ओले झाले त्याचे.